पुण्याच्या कचऱ्याचा करार: निविदा काढावी, की काढू नये?

कोथरूडकर

पुणे महापालिका आणि घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था यांच्यातील कराराची मुदत संपत आली की शहरात ठरलेली चर्चा सुरू होते. एका बाजूचे लोक म्हणतात की एवढे मोठे काम निविदा न मागवता एकाच संस्थेकडे सोपवणे हा उघड पक्षपात आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की कष्टकरी बायकांच्या तोंडचा घास काढून तो ठेकेदाराच्या पानात वाढण्याचा हा डाव आहे. करारात पालिका नेमके काय विकत घेते, त्याचे पैसे कोण देते आणि काम बिघडले तर भुर्दंड कोणी सोसायचा, या तीन प्रश्नांकडे मात्र दोन्ही बाजू फिरकत नाहीत. हा धागा त्या तीन प्रश्नांसाठी काढला आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या कामातून १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे हे पालिकांचे कर्तव्य ठरवले, तेव्हा हे काम नव्या यंत्रणेला देण्याऐवजी आधीपासून कचऱ्यावर जगणाऱ्यांनाच द्यावे, असा विचार संघटनेने मांडला. प्रायोगिक कामानंतर २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये पालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. त्यानंतरचा मोठा करार २०१६ चा असून त्याची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. पुढे २०२१ मध्ये थोड्याथोड्या काळाच्या मुदतवाढी मिळत राहिल्या आणि त्या काळातील आंदोलने अनेकांना आठवत असतील.

या व्यवस्थेतील पैशाची वाट समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे व्यर्थ आहे. तीन हजारांहून अधिक सभासद, ज्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, घरोघरचा कचरा घेतात; त्यांना पालिका पगार देत नाही. प्रत्येक घर दरमहा ठरलेले शुल्क थेट त्यांच्या हातात देते आणि वेगळा काढलेला सुका कचरा भंगाराच्या दुकानात विकून उरलेली कमाई होते. पालिका ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, गणवेश अशी साधने आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च देते. याउलट वाहनांवर चालणाऱ्या नेहमीच्या कंत्राटात पैसे बहुधा टनावर मोजले जातात.

माझे म्हणणे असे आहे की निविदा काढावी की नाही हा वाद मोजमापाच्या एककावरून ठरला पाहिजे, आणि आपण तो उलट्या क्रमाने घालतो. ज्याला टनामागे पैसे मिळतात, त्याचे हित कचरा जड असण्यात आहे; ओला-सुका एकत्र आला, त्यात राडारोडा मिसळला, तरी त्याचे बिल वाढतेच. जिला भंगार विकून कमाई करायची आहे, तिचे हित डेपोकडे जाणारा कचरा कमी होण्यात आहे. ज्या शहराने कचरा डेपोविरुद्धची उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांची आंदोलने वर्षानुवर्षे पाहिली, त्याने या दोन सेवा एकाच तक्त्यात बसवून ‘सर्वांत कमी दर’ शोधावा, हे मला पटत नाही. येथे पालिकेचा आतला कारभार जाणणारे काही सदस्य आहेत. त्यांची मते वाचायला आवडतील.

हिशेबनीस

मी एका महापालिकेच्या लेखापरीक्षण विभागात नोकरी केली, त्यामुळे माझी नजर थोडी खडूस आहे हे आधीच सांगतो. कोथरूडकर यांचा एककाचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यावरून निविदेचा प्रश्न निकाली निघत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूचीतील ५(२)(२) हा नियम पालिकेच्या आवारात सर्वांना तोंडपाठ असतो. आयुक्तांना स्थायी समितीच्या मान्यतेने आणि कारणे नोंदवून निविदा न मागवता करार करता येतो, असा त्याचा आशय आहे. यातील ‘कारणे नोंदवून’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित आहेत. मी पाहिलेल्या कित्येक विषयपत्रांत, म्हणजे समितीपुढे मांडायच्या प्रस्तावांत, कारण म्हणून ‘कामाची निकड लक्षात घेता’ एवढेच वाक्य असे. त्याच वाक्याने पदपथाच्या फरशा बसवल्या जातात, स्मार्टफोनची खरेदी होते आणि एखाद्या सेवाभावी संस्थेला कामही मिळते. संस्था चांगली आहे म्हणून आपण कारणांची चौकशी सोडून दिली, तर उद्या त्याच वाटेने कोण येईल यावर आपला ताबा राहत नाही.

दुसरे असे की, कंत्राटदाराचा हिशेब पालिकेच्या दप्तरात असतो, पण संस्थेच्या आतला हिशेब मागायचा कोणी? सहकारी संस्था आपोआप माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले. मात्र २०१९ च्या डीएव्ही महाविद्यालयाच्या निकालात, सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या बिगरसरकारी संस्थांना हा कायदा लागू होतो, असेही त्याच न्यायालयाने म्हटले आहे. करारातच ‘या कामाचे सर्व हिशेब पालिकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केले जातील’ असे कलम घातले, तर न्यायालयापर्यंत जाण्याची वेळच येणार नाही.

पेठेतला

माझा प्रश्न साधा आहे. शुल्क घर देते, साधने पालिका देते आणि माणूस संस्थेचा असतो. एखाद्या गल्लीत चार दिवस कोणी आले नाही, तर नागरिकाने दाद कोणाकडे मागायची? कंत्राटदार असेल तर पालिका निदान दंड कापू शकते. येथे पालिका दंड कापणार तरी कशातून?

वस्तीमित्र

मुंबईतील अनुभव लिहितो, कारण तेथे ‘संस्थेला काम द्या’ या कल्पनेची दुसरी बाजू अगदी स्पष्ट दिसली आहे.

झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी मुंबई महापालिकेने दत्तक वस्ती योजना आणली आणि तिचीच पुढची आवृत्ती २०१३ पासून स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान या नावाने चालली. वस्तीतील एखादी संस्था काम घेते, ठरावीक कुटुंबांमागे एक ‘स्वयंसेवक’ नेमते आणि त्याला ‘मानधन’ मिळते. हा स्वयंसेवक रोज सकाळी गटारे साफ करतो, घरोघरचा कचरा पेटीपर्यंत नेतो, त्याचा हजेरीपट असतो, आणि तरीही तो कामगार नसतो. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा, अपघाताची भरपाई, यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येत नाही, कारण कागदावर तो समाजसेवा करत असतो.

त्याच शहरात कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांचा लढा दिला. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मूळ रूपात २० किंवा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदाराला लागू होत असे, आणि वीसपेक्षा कमी माणसांचे तुकडे पाडून कामे देण्याची युक्ती त्या आकड्यातूनच निघाली. सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी उचलून धरला. त्यानंतरही नावांच्या नोंदींतील फरकांवरून अनेकांना पालिकेच्या दारात ताटकळावे लागले.

त्यामुळे सेवाभाव हा शब्द करारात दिसला की मी आधी मजुरीचा तक्ता शोधतो. ‘स्वच्छ’मधील बाई स्वतः संस्थेची मालक आहे, हा मोठा फरक आहे, हे मी मान्य करतो. पण मालक म्हणवणाऱ्या बाईला आजारपणाची रजा कोण देणार, हा प्रश्न त्या फरकाने मिटत नाही.

शेवगा

वस्तीमित्र यांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. हे उदाहरण राज्य शासनाचे आहे, पण धडा स्थानिक संस्थांनाही तितकाच लागू आहे. अंगणवाड्यांच्या पोषण आहारात ठेकेदार नकोत, गावातील महिला मंडळे आणि बचत गट यांना काम द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला. आदेश उत्तम होता. महाराष्ट्रात पुढे काय झाले, तर घरी न्यायच्या आहाराची बहुतेक कामे मोजक्या महिला संस्थांच्या नावावर गेली आणि त्यांच्या आडून प्रत्यक्ष कारखाने खासगी मंडळी चालवत असल्याचे न्यायालयाच्याच आयुक्तांच्या अहवालात आले. २०१६ मध्ये काढलेल्या सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या निविदेतील अटी खऱ्या बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या निविदा रद्द केल्या.

‘ना-नफा’ ही नोंदणी प्रमाणपत्रावरची ओळ आहे. काम कोण करते, यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि बँक खात्यावर सही कोणाची आहे, हे पालिकेचा अधिकारी वर्षातून एकदा जाऊन पाहणार नसेल, तर त्या ओळीला काही किंमत नाही.

कोथरूडकर

पेठेतला यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. पालिका व्यवस्थापनाचा जो खर्च देते, तो सरसकट न देता, गल्लीनिहाय हजेरी आणि तक्रारींचा निपटारा यांच्याशी बांधता येतो. म्हणजे दंड कापायला रक्कम उपलब्ध होते आणि तो दंड कचरा उचलणाऱ्या बाईच्या कमाईतून न जाता पर्यवेक्षणाच्या खर्चातून जातो. चूक बदली माणूस न पाठवण्याची असते आणि ती व्यवस्थापनाची असते, त्यामुळे हे न्याय्यही आहे.

हिशेबनीस यांच्याशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्थानिक संस्थांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची आणि त्यांना या व्यवस्थेत सामावून घेण्याची पद्धत उभी करावी, असे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ज्या कामात कोणाला सामावून घ्यायचे हे नियमच सांगतो, तेथे ‘सर्वांना समान संधी’ या तत्त्वावर खुली निविदा काढली, तर पहिल्याच पानावरच्या उलाढालीच्या अटीत हा वर्ग बाहेर पडतो. म्हणून कारणे नोंदवावीत, सविस्तर नोंदवावीत, हे खरे. पण ‘कामाची निकड’ याऐवजी या नियमाचे नाव घेऊन नोंदवावीत.

ताळेबंद

मी सनदी लेखापाल आहे आणि माझ्या पक्षकारांत पाच-सहा धर्मादाय न्यास आहेत. उलाढालीच्या अटीचा उल्लेख झाला म्हणून निविदेची फाईल आमच्या टेबलावर कशी दिसते ते लिहितो.

बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, मागील तीन वर्षांची उलाढाल, तशाच स्वरूपाच्या कामाचा अनुभव आणि ऐपतीचा दाखला, या अटी रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. बेघरांचा निवारा चालवणाऱ्या संस्थेलाही त्याच लागू केल्या जातात. निवाऱ्याच्या बाबतीत तर काम मिळाल्यानंतरचे हाल अधिक आहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निधी केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून पालिकेकडे आणि तेथून संस्थेकडे झिरपत येत असे. तोवर काळजीवाहकाचा पगार, विजेचे बिल आणि रात्रीच्या जेवणाचा खर्च थांबत नसे. एका संस्थेच्या विश्वस्तांनी स्वतःच्या ठेवी मोडून पगार केलेले मी पाहिले आहेत. व्यापारी कंत्राटदार असा उशीर दरात आधीच धरून ठेवतो. न्यास तसे करत नाही आणि मग ‘संस्था स्वस्तात काम करतात’ असा समज पक्का होतो. त्यांच्या स्वस्ताईचा एक भाग म्हणजे त्यांनी पालिकेला दिलेले बिनव्याजी कर्ज असते.

करांचाही एक पेच आहे. पालिकेकडून येणारा पैसा अनुदान आहे की सेवेचा मोबदला, यावर बरेच अवलंबून असते. आयकर कायद्यानुसार गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत किंवा पर्यावरण संरक्षण हे उद्देश असलेल्या संस्थेला फारशी अडचण नसते. पण उद्देश ‘सार्वजनिक उपयुक्ततेचे काम’ या सदरात पडला, तर व्यापारी स्वरूपाच्या सेवेची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपलीकडे जाताच त्या वर्षाची सवलत धोक्यात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२२ च्या अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या निकालानंतर या बाबतीत ढिलाई करता येत नाही. वस्तू व सेवा कराचे त्यामानाने बरे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-डब्ल्यू मधील, म्हणजे पालिकांकडे सोपवलेल्या, कामांसाठी पालिकेला दिलेल्या निव्वळ सेवांना सूट आहे. मात्र सेवेबरोबर साहित्यही पुरवायचे असेल तर साहित्याची किंमत २५ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. करारनाम्याचा मसुदा पालिकेचा विधी विभाग करतो आणि त्याला यातले काहीच पाहायचे नसते. संस्थेने सही करण्यापूर्वी तो आपल्या लेखापालाला दाखवावा, ही कळकळीची विनंती.

नगरपरिषदवाला

एककाच्या मुद्द्यावर छोट्या गावातील उदाहरण देतो. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे काम बहुतेक ठिकाणी प्राणिकल्याण संस्थांकडे असते आणि २०२३ च्या नियमांनुसार त्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते. पैसे शस्त्रक्रियेमागे मिळतात. खोटे आकडे दाखवले जाऊ नयेत म्हणून काढलेले अवयव जपून ठेवून समितीसमोर मोजायचे असतात. हे काम किळसवाणे वाटेल, पण मोजणी चोख होते.

आणि तरीही गावातील कुत्री कमी होत नाहीत. शस्त्रक्रियांचा आकडा पूर्ण करण्यासाठी सहज पकडता येणारी कुत्री सगळ्या गावातून उचलली जातात, तर संख्या आटोक्यात यायची असेल तर एकेका भागातील बहुतांश कुत्र्यांची शस्त्रक्रिया थोड्या काळात पूर्ण व्हावी लागते. म्हणजे जे मोजले त्याचे पैसे दिले गेले. जे हवे होते ते मोजलेच गेले नाही. करारात ‘अमुक प्रभागातील इतके टक्के’ असे लिहायला हवे होते. तसे लिहिण्यासाठी आधी कुत्र्यांची गणना करावी लागते आणि त्या गणनेसाठी अंदाजपत्रकात तरतूद नसते.

टेम्सकाठ

मी लंडनमधील एका कौन्सिलच्या प्रौढ काळजी सेवांच्या विभागात काम करते. येथे २०१२ चा सोशल व्हॅल्यू ॲक्ट आहे. सेवा विकत घेण्यापूर्वी त्या खरेदीतून परिसराचे सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय भले कसे होईल याचा विचार करणे सार्वजनिक संस्थांवर बंधनकारक आहे. वाचायला सुंदर कायदा आहे. प्रत्यक्षात ‘विचार करणे’ एवढेच बंधन असल्यामुळे मोठ्या कंपन्या निविदेचा तो भाग लिहिण्यासाठी पगारी माणसे ठेवतात आणि छोट्या संस्था तेथेच मागे पडतात. २०११ च्या वर्क प्रोग्रॅममध्ये बेरोजगारांना काम मिळवून देण्याची मोठी कंत्राटे मुख्यतः खासगी कंपन्यांकडे गेली आणि धर्मादाय संस्था त्यांच्या उपकंत्राटदार झाल्या. तुमच्याकडे सगळा परिसर एका मोठ्या निविदेत बांधण्याचा प्रस्ताव आला, तर त्याच दिवशी सावध व्हावे, असे मला वाटते.

वस्तीमित्र

तसा प्रस्ताव येऊन गेला आहे. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी चार वर्षांची, सुमारे १,४०० कोटी रुपयांची एकच निविदा काढली होती आणि तिच्या विरोधात बेरोजगारांच्या सहकारी संस्थांचा महासंघ उच्च न्यायालयात गेला. गंमत अशी की, मी वर ज्या व्यवस्थेवर टीका केली, तिचीच बाजू घेण्याची वेळ या निविदेने अनेकांवर आणली.

हिशेबनीस

कोथरूडकर यांनी सुचवलेले नियमाचे कारण मला मान्य आहे. तसे विषयपत्र माझ्यासमोर आले असते तर मी त्यावर आक्षेप काढला नसता. गुणवत्तेला वजन देणारी निविदा हा मधला मार्गही आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत सल्लासेवांखेरीज इतर सेवांसाठीही गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्यास परवानगी दिली. त्या सूचना केंद्राच्या खरेदीसाठी आहेत, पण नमुना म्हणून पालिकांनी त्या वाचायला हरकत नाही.

माझा खरा आक्षेप मुदतवाढीला आहे आणि त्यावर येथे कोणी बोललेले नाही. निविदा काढली तर काही अटी ठरतात, थेट पाच वर्षांचा करार केला तर काही अटी ठरतात. दोन-दोन महिन्यांच्या मुदतवाढीत जुन्याच अटी जशाच्या तशा पुढे ढकलल्या जातात. संस्था नवी ढकलगाडी मागू शकत नाही, कारण करार राहील की नाही हे ठाऊक नसते. पालिका नवे मोजमाप लावू शकत नाही, कारण नवा करारच नसतो. लोकप्रतिनिधींना मात्र संस्था दर दोन महिन्यांनी आपल्या दारात उभी राहिलेली बरी वाटते. मार्च २०२२ पासून पुण्यात दीर्घकाळ प्रशासक होते आणि मुख्य सभेचे व स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याच हाती होते. त्या काळातील निर्णयांवर सभागृहात जाहीर प्रश्न विचारायलाही कोणी नव्हते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट सुचवतो. प्रत्येक मुदतवाढ हा कायद्याच्या दृष्टीने निविदा न मागवता केलेला स्वतंत्र करारच असतो आणि तिलाही मान्यता व नोंदवलेली कारणे लागतात. तेव्हा ज्यांना या विषयात खरोखर रस आहे त्यांनी माहिती अधिकारात मूळ करार मागण्यावर थांबू नये. २०२० नंतरच्या प्रत्येक मुदतवाढीचे विषयपत्र, त्यावरील ठराव आणि त्यासोबतचा घनकचरा विभागाचा अभिप्राय, या तीन कागदांच्या प्रती मागाव्यात. पहिला अर्ज घनकचरा विभागाकडे आणि दुसरा नगरसचिव कार्यालयाकडे करावा, कारण ठराव नगरसचिवांच्या दप्तरात असतात आणि एका विभागाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात महिना निघून जातो.

कोथरूडकर

दोन्ही अर्जांचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत येथे टाकतो. ताळेबंद, व्यवस्थापन खर्चाचे वर्षनिहाय हिशेब कोणत्या शीर्षाखाली मागावेत तेवढे कृपया सांगा. अंदाजपत्रकात ते घनकचऱ्याच्या महसुली खर्चात आहेत की साहित्य खरेदीत, हे मला पुस्तकावरून उलगडलेले नाही.